मेंदूत रक्तस्राव, मग एमआरआयवर गुठळीच्या खुणा कशा?

मी म्हैसूरच्या हेब्बाळमधून बोलतोय. बंगळुरूचं हेब्बाळ वेगळं, आमचं इन्फोसिसच्या आवाराजवळचं. मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. पण आजचा विषय घराशेजारी घडला, म्हणून तो नीट समजून घेतला.

शेजारी माझा पलटणीतला जुना सोबती राहतो. एका पहाटे त्याचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. वहिनी धावत आल्या, "भाऊजी, तुमची रक्त पातळ करायची गोळी देऊ का?" खरं सांगतो, अ‍ॅस्पिरिनची पट्टी माझ्या हातात होती. त्याचा मुलगा ओरडला, "काका, थांबा! आधी १०८ ला फोन लावा." रुग्णालयात सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव होता. ती गोळी पोटात गेली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

पहिला धडा हाच. पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे लक्षणांवरून घरी ओळखता येत नाही. ते स्कॅनच सांगतो. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांत देतात, पण रक्तस्रावात तेच औषध जिवावर बेतू शकतं.

काही दिवसांनी एमआरआय झाला. अहवालात लिहिलं होतं, मेंदूत काही ठिकाणी रक्तपुरवठा तुटल्याच्या ताज्या बारीक खुणा आहेत. मुलगा गोंधळला, "काका, रक्त सांडलं की अडलं? दोन्ही एकदम कसं?"

आपल्या घरांतल्या जुन्या लोखंडी नळाचा विचार करा. आतून गंजलेला नळ एके ठिकाणी गळतो आणि दुसरीकडे तुंबतो. दोष एकच, परिणाम दोन. वर्षानुवर्षं चढलेलं बीपी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं असंच करतं. कुठे भिंत फुटते, कुठे पोकळी अरुंद होऊन बंद होते. म्हणून या खुणा रक्तस्रावाच्या जागेपासून दूर, मेंदूच्या दुसऱ्या बाजूलाही दिसतात. रक्तस्रावाच्या रुग्णांचे एमआरआय तपासले, तेव्हा बऱ्याच अभ्यासांत साधारण चारांपैकी एकाला किंवा त्याहून जास्त जणांना त्या आढळल्या. बहुतेकदा त्या लहान असतात आणि वेगळं लक्षण दाखवत नाहीत. तरी त्या असलेल्या रुग्णांची सुधारणा कमी होते, असं काही अभ्यासांत दिसलं.

मग बीपी झटकन खाली आणायचं का? रक्तस्राव वाढू नये म्हणून ते उतरवावं लागतंच. पण जास्त दाबाची सवय लागलेल्या मेंदूत दाब एकाएकी फार पडला, तर वरच्या मजल्यावर पाणी न चढावं तसं काही भागांना रक्त कमी पडू शकतं. बीपी फार उतरलेल्या रुग्णांत या खुणा जास्त दिसल्याचं काही अभ्यास सांगतात, पण तेच कारण आहे, हे अजून पक्कं ठरलेलं नाही.

२०१६ साली १००० रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. वरचं बीपी ११० ते १३९ मध्ये ठेवलेल्यांना, १४० ते १७९ मध्ये ठेवलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. उलट मूत्रपिंडाचे त्रास वाढले. २०२३ साली भारतासह दहा देशांतल्या ७००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत मात्र बीपी, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम, या चारही गोष्टी वेळेत सांभाळल्यावर रुग्ण जास्त सावरले. म्हणजे घाई हवी, पण मोजूनमापून. ते काम रुग्णालयाचं. घरी बीपीची जादा गोळी देऊ नका.

आपलं काम त्याच्या कितीतरी आधीचं. माझ्या सोबत्याने चार महिने बीपीची गोळी बंद ठेवली होती. "डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला?" म्हणायचा. बीपी दुखत नाही मंडळी, तीच त्याची चाल आहे.

आज तो काठी टेकत हेब्बाळच्या तळ्यापर्यंत येतो. उजव्या हाताने चहाचा कप अजून धरता येत नाही. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी त्याला पुढे द्यायची की नाही, हे त्याचे डॉक्टर ठरवतील. त्या पहाटेपासून माझी गोळी मात्र मी कुणाला देत नाही, आणि माझी बीपीची चुकवतही नाही.

जय हिंद.