ग्रंथालयाची बैठक कशी असावी?

बैहरमध्ये बाजारात हिंदी, आसपासच्या गावांत गोंडी आणि आपल्या घरांत मराठी बोलली जाते. अशा ठिकाणी वाचनालयातले मराठी कपाट जिवंत ठेवायचे, तर ते सांभाळणाऱ्या चार-पाच जणांची बैठक नीट व्हायला हवी, असे मला वाटते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यातले चौथे सूत्र म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. मी म्हणेन, कर्मचाऱ्यांचाही वाचवा.

विषयपत्रिका आदल्या दिवशीच सर्वांना द्यावी, आणि तीही दोन-तीन विषयांचीच. फळ्यावर लिहून भागणाऱ्या सूचनांसाठी बैठक नको. देवघेव पाहणाऱ्याला आधी बोलू द्यावे. कोणते पुस्तक मागूनही मिळत नाही, हे त्यालाच ठाऊक असते. अध्यक्षांनी शेवटी बोलावे, नाहीतर बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

‘मुलांसाठी मराठी पुस्तके आणू’ एवढेच लिहिलेला ठराव वहीतच राहतो. यादी कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही पुढे लिहावे. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच पानापासून करावी.

तरुण मित्रांनो, आपल्या मंडळाच्या बैठकीतही हे करून पाहा.