चौदा सेकंद चिडीचूप!

मुलांनो, कल्पना करा. १९४० सालचा ऑगस्ट महिना. इंग्लंडवर जर्मन बॉम्बफेकी विमाने चालून येताहेत आणि तुम्ही स्पिटफायर विमानात एकटेच बसला आहात. कानात रेडिओची सारखी खरखर. तेवढ्यात जमिनीवरून हुकूम येतो, "एंजल्स पंधरा!" म्हणजे पंधरा हजार फुटांवर जा. 'बँडिट्स' म्हणजे शत्रूची विमाने आणि 'पॅनकेक' म्हणजे चला, खाली उतरा!

पण एकाएकी आवाज बंद! रेडिओ बिघडला की काय? छे! तुकडीतल्या ठरावीक विमानांचे रेडिओ दर मिनिटाला १४ सेकंद मुद्दाम बोलणं थांबवून आपोआप एक शिट्टी पाठवायचे. तिचं नाव 'पिपस्क्वीक'.

हे कशासाठी? तेव्हा किनाऱ्यावरची रडारं फक्त समुद्राकडे पाहत. किनाऱ्याच्या आत उडणारी आपली विमाने त्यांना दिसत नसत. म्हणून तीन केंद्रे ही शिट्टी ऐकून ती कोणत्या दिशेने आली ते मोजत. नकाशावर त्या तीन दिशांना दोऱ्या ताणायच्या. जिथे त्या एकमेकींना छेदतील तिथे विमान! पण बोलायला आणि शिट्टीला संच एकच. त्या १४ सेकंदांत कुणी "मागे शत्रू आहे, सांभाळ!" असं ओरडलं, तरी वैमानिकाला ऐकू येत नसे. हरवू नये म्हणून बहिरं व्हायचं!

'टीआर ९ डी' नावाच्या या संचाचा आवाज जमिनीपर्यंत जेमतेम ३५ मैल पोचायचा. मग १०० मेगाहर्ट्‌झच्या वरच्या लहरींचा 'टीआर ११३३' आला. त्यात क्वार्ट्‌झचे स्फटिक होते, आपल्या घड्याळात असतो तसे. स्फटिक ठरलेल्या गतीनेच कंप पावतो, त्यामुळे 'स्टेशन' सरकत नसे. चार वाहिन्या, चार बटणे. आवाजही स्वच्छ! १९४० साली हे संच सगळ्यांना पुरले नाहीत. पुढे रडारं जमिनीवरही पाहू लागली, 'मी आपलाच' असं सांगणारं यंत्र आलं आणि शिट्टी थांबली.

आता एक खेळ. महाराष्ट्राच्या नकाशावर मुंबई, पुणे, नाशिकला टाचण्या टोचा. मित्राने एखादं गाव मनात धरून तिन्ही शहरांपासूनची दिशा सांगायची. तुम्ही दोऱ्या ताणून गाव ओळखायचं. दोनच दोऱ्या पुरतात, मग तिसरी कशाला? एखादी दिशा चुकली, तर ती चूक पकडायला! खेळात चुकलं तर हसू येईल. तेव्हा चुकलं, तर वैमानिक सापडायचा शत्रूच्या तावडीत.