परत सांग बरं

“कल का राउंड बाकी है.”

पाळी सुटताना खाणीतून वर निघालेल्या मेटने, म्हणजे टोळीच्या मुकादमाने, पाळीवर आलेल्या मेटला एवढंच सांगितलं आणि तो केजकडे, खाणीच्या पाळण्याकडे, गेला. सांगणारा हिंदी बोलणारा, सिवनीकडचा. ऐकणारा आमगावच्या बाजूचा, घरात मराठी. हिंदीतला ‘कल’ मागेही जातो आणि पुढेही, आपला ‘काल’ मात्र मागेच जातो. ऐकणाऱ्याला वाटलं, काल उडवलेल्या राउंडचा, म्हणजे सुरुंगांच्या फेरीचा, माल उचलायचा राहिलाय. सांगणाऱ्याला म्हणायचं होतं, उद्याच्या राउंडची भोकं पाडायची आहेत. माल उचलणारी टोळी नको त्या फेसवर, म्हणजे खोदकामाच्या तोंडावर, जाऊन बसली आणि दोन तास वाया गेले. कुणाला इजा झाली नाही, पण पाळीभर दोघांनी एकमेकांना शिव्या घातल्या.

बालाघाट जिल्ह्यातल्या त्या मँगनीज खाणीत मी कामगारांना आणि मेटना ‘बोलण्याचं प्रशिक्षण’ द्यायला गेलो होतो. नजरेला नजर कशी द्यावी, आवाज कुठे चढवावा, हात कसे ठेवावेत, असं सगळं स्लाइडवर तयार होतं. या ‘कल’नंतर मी ते बाजूला ठेवलं आणि रोज पाळी बदलताना लॅम्प रूमच्या बाहेर उभा राहू लागलो.

या जिल्ह्यात एका टोळीत चार भाषा सहज भेटतात. 1956 पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूरच होती. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. खनिजाचा पट्टा मात्र एकच. 1962 साली स्थापन झालेल्या ‘मॉइल’ या मँगनीज कंपनीचं मुख्यालय आजही नागपुरात आहे आणि तिच्या खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तिन्ही जिल्ह्यांत आहेत; भरवेली, उकवा आणि तिरोडी या बालाघाटातल्या. या भागात कुणाच्या घरी पोवारी, कुणाच्या घरी मराठी, कुणाची छत्तीसगढी. गोंड मुलांची गोंडी तर द्राविडी कुळातली, म्हणजे कामावरची हिंदी त्यांनी शिकून घेतलेली असते. अशा टोळीत शब्द ओळखीचा वाटतो तिथेच पाय घसरतो. हिंदी फलकावरची ‘शिक्षा’ वाचून मराठी माणूस आधी दचकतो, हे तर नेहमीचंच.

खाणीत सगळ्यात नेमकं बोलावं लागतं ते मिसफायरबद्दल. राउंड उडवल्यावर एखादं भोक फुटत नाही. दारू आत तशीच असते आणि वर दगडाची धूळ बसलेली असते. ते त्याच पाळीत निकालात निघालं नाही, तर सुरुंग उडवणाऱ्या ब्लास्टरने पुढच्या पाळीच्या माणसाला ते समोरासमोर सांगायचं आणि वहीत लिहायचं. फसलेल्या भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नसतं, बाजूला सुरक्षित अंतर सोडून समांतर नवं भोक पाडायचं असतं. म्हणजे पुढच्या माणसाला ते भोक नेमकं कोणतं हे कळलंच पाहिजे. आणि इथे लोक सांगतात, “लेफ्टसे तीसरा.”

डावीकडून तिसरं, पण कुणाच्या डावीकडून? फेसकडे तोंड करून उभा आहे त्याच्या, की फेसकडे पाठ करून बाहेर निघालाय त्याच्या? सांगणारा तर त्या वेळी बाहेरच निघालेला असतो. एका जुन्या मेटने मला याचा तोडगा दाखवला. तो डावं-उजवं म्हणायचाच नाही. “फूटवॉलकडून तिसरं, खालची ओळ.” खनिजाच्या कलत्या थराखालचा दगड तो फूटवॉल, वरचा तो हँगिंगवॉल. माणूस कुठेही तोंड करो, दगड जागा बदलत नाही. ‘कल’चंही तसंच झालं. आमच्या वर्गात तो शब्द बंद करून “सोमवारचा, दुसऱ्या पाळीचा राउंड” असं म्हणायला सुरुवात झाली. पहिले काही दिवस सगळे हसत होते, नंतर ते सवयीचं झालं.

बंद करायला हवा असा आणखी एक प्रश्न आहे. “समझ गए?” याला आजवर कुणी “नाही” म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. बैहरकडून आलेला एक विशीतला मुलगा प्रत्येक वाक्याला “हाँ साहब” म्हणायचा. एकदा मी म्हटलं, “परत सांग बरं. मी नीट सांगितलं का, ते मला बघायचंय.” त्याने सांगितलं, आणि निम्मं वेगळंच निघालं. चूक माझी होती, मी घाईत दोन फेसची नावं एका दमात घेतली होती. परीक्षा त्याची नाही, माझी आहे, हे कळल्यावर तो मोकळा झाला. “परत सांग” हे शब्द दरडावून म्हटले, तर त्यांचा काही उपयोग नाही.

पाळी बदलताना एक गोष्ट सांगायची राहिली तर काय होतं, हे जगाने 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर पाहिलं. दिवसाच्या पाळीत एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती. ते रात्रपाळीपर्यंत पोचलं नाही आणि रात्रपाळीने तोच पंप चालू केला. 167 माणसं गेली. मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, पण पाळी सगळ्यांना कळली.

त्याच जुन्या मेटकडून मला आणखी एक गोष्ट मिळाली, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. फेसवर पोचलं की आधी छत ठोकून बघतात. तिथे सब्बल म्हणतात, आपली पहार. घट्ट दगड ठणठणीत वाजतो, सुटलेला ढब्ब. हा मेट पहार आपण न घेता सगळ्यात नव्या माणसाच्या हातात द्यायचा. “काय ऐकू आलं?” मग त्याच्याहून जुन्याला विचारायचा, मग त्याच्याहून जुन्याला, आणि स्वतः शेवटी बोलायचा. मी कारण विचारलं. म्हणाला, “मी आधी ‘पक्का है’ म्हणालो, तर मग कुणाला ढब्ब ऐकूच येत नाही.” ऑफिसांतल्या बैठकांमध्ये साहेब आधी बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात, तिथे प्रत्येक वेळी मला ती पहार आठवते. धाकट्याला बोलतं करायचं तर मोठ्याने आधी गप्प बसायला शिकलं पाहिजे. माझ्या एकाही स्लाइडवर हे नव्हतं.

मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी पाळी बदलताना गर्दी होती. दिवे लागलेले, टोकन हातात, घरी जायची घाई. एक पिकल्या केसांचा ब्लास्टर नव्याने सर्टिफिकेट मिळालेल्या पोराला चालता चालता म्हणाला, “मिसफायर है, तीसरा होल, नीचे.” आणि पुढे गेला. पोरगं उभंच राहिलं.

“दादा, रुको. किधर से तीसरा?”

म्हातारा वळला. दोन क्षण त्याच्याकडे पाहत राहिला. “फूटवॉल से.”

“फूटवॉल से तीसरा, नीचे की लाइन.”

“हाँ.”

म्हाताऱ्याने वही काढली, भिंतीला टेकवून तेच शब्द लिहिले आणि पेन पोराच्या हातात दिलं. पोराने सही केली. तोवर केज वर आला होता.