डोंबिवली स्टेशनातले एक

गणिताच्या तासाला : लेखांक ७

मागच्या लेखांकात विभाज्यतेच्या कसोट्या पाहिल्या. त्या तोंडपाठ असलेल्या मुलांना '९१ ही मूळ संख्या आहे का?' असे विचारून बघा. बरीच मुले 'हो' म्हणतात. दोनाने भाग जात नाही, तिनाने जात नाही, शेवटी शून्य किंवा पाच नाही. म्हणजे मूळच असणार! याच मुलांनी तेराचा पाढा म्हणताना सातव्या ओळीला ९१ शेकडो वेळा म्हटलेले असते. पाढा उलट्या दिशेने वापरला की अवयव मिळतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेले नसते. आपण व्याख्या लिहून देतो, १ ते १०० मधल्या पंचवीस मूळ संख्यांची यादी पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. माझे मत असे की यादी सर्वांत शेवटी यावी. आधी मुलांच्या हाताने संख्या फुटली पाहिजे, आणि एखादी फुटता फुटत नाही याचा अनुभव आला पाहिजे.

अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांसाठी याचे साधन दारातच आहे. आपली साधी लोकल पूर्वी ९ डब्यांची असे, आता १२ डब्यांची असते, काही गाड्या १५ डब्यांच्या आहेत. १० किंवा १३ डब्यांची का नसते? प्रश्न वर्गात टाकावा आणि लगेच उत्तर देऊ नये. मुले फलाटाच्या लांबीपासून गर्दीपर्यंत सगळी कारणे सुचवतील. खरे कारण असे की ही गाडी तीन-तीन डब्यांचे संच जोडून बनते. प्रत्येक संचात एक मोटार डबा आणि त्याच्या टपावर तारेला टेकणारा पँटोग्राफ. पादचारी पुलावरून खाली बघत पँटोग्राफ मोजायला सांगा. बारा डब्यांच्या गाडीवर चार भरतील. पट म्हणजे काय ते इथे डोळ्यांना दिसते. आता १३ डबे सारख्या संचांत जोडायचे म्हटले तर? एकेक डबा सुटा ठेवा, नाहीतर तेराही एकत्र ठेवा, तिसरा मार्ग नाही. मूळ संख्या ती हीच.

'मग १ मूळ का नाही?' हा प्रश्न येतोच, आणि 'व्याख्येत बसत नाही' एवढ्या उत्तरावर तो मिटवू नये. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३. क्रम बदला, पण अवयव तेच राहतात. १ ला मूळ मानले तर मागे हवे तितके एक लावता येतील आणि 'एका संख्येची एकच फोड' हा सगळा आधारच जाईल.

आता याच रेल्वेमार्गावर जरा पुढे जाऊ. अंबरनाथहून मुंबईकडे निघालात की पाचवे स्टेशन डोंबिवली. या स्टेशनाशी एका गणितप्रेमी शिक्षकाचा संबंध आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव बहुतेक शिक्षकांना ६१७४ या संख्येमुळे माहीत असते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्याला, पुढचे फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, आणि तरी १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले. कापरेकरांना काही संख्यांची कल्पना डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या 'डेम्लो', स्टेशनात सुचली, म्हणून त्यांनी त्यांना नाव दिले 'डेम्लो संख्या'. आपल्या मार्गावरच्या स्टेशनाचे नाव जगाच्या अंकगणितात गेले आहे आणि आपल्या वर्गांत ते सांगितले जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

या संख्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध अशा मिळतात : ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१. मुलांना हे गुणाकार उभ्या मांडणीत करू द्या. एकांच्या ओळी एकेक घर सरकत जातात, मधल्या स्तंभात सर्वांत जास्त एक जमतात. नऊ एकांपर्यंत हा डौल टिकतो आणि दहा एक घेतले की हातचा येऊन तो मोडतो.

वर्ग मात्र मला यापुढे न्यायचा आहे. नुसत्या एकांनी बनलेल्या या संख्याच फोडायला द्याव्यात. सुरुवात सहा एकांपासून करा. फळ्यावर १११ १११ असे दोन गट करून लिहा : ही झाली १११ × १००१. मग ११ ११ ११ असे तीन गट करा : ११ × १०१०१. भागाकार न करता अवयव मिळाले! सहाचे सारखे गट पडतात, म्हणून संख्येचेही पडतात. एकांची संख्या संयुक्त असेल तर ती राशीही संयुक्तच, हे आठवीचे मूल स्वतःच्या शब्दांत सिद्ध करू शकते.

लगेच कुणीतरी म्हणेल, 'मग एक मूळ संख्येइतके असले की राशी मूळ!' इथे शिक्षकाने गप्प राहावे. दोन एक : ११, मूळ. तीन एक : १११, अंकांची बेरीज ३, म्हणून ३ × ३७. अंदाज तिसऱ्या एकालाच पडला. पाच एक मात्र चिवट आहेत. १११११ साठी एकेका बाकाला एकेक मूळ संख्या वाटून द्या. कुठवर तपासायचे? १०६ × १०६ = ११२३६, म्हणजे १०५ च्या पुढे जायचे कारण नाही; अवयव जोडीने येतात, जोडीतला धाकटा त्याच्या आतच सापडला पाहिजे. सात, अकरा, तेरा, सतरा सगळे हात टेकतात आणि ४१ वाल्या बाकावरून आरोळी येते : ४१ × २७१. मग २७१ मूळ आहे का, ते तपासायला १३ पर्यंतच जावे लागते. थांबायचे कुठे, हे ज्या मुलाने या तासाला स्वतः ठरवले, ते ९७ तपासताना ९६ पर्यंत भागाकार करत बसणार नाही.

सात एकही फुटतात : २३९ × ४६४९. ११ नंतर मूळ राशी भेटते ती थेट १९ एकांना, मग २३, मग ३१७, आणि त्यानंतर १०३१. ही शेवटची मूळ असल्याची सिद्धता १९८६ ची; कापरेकर गेले तेही त्याच वर्षी.

पुढच्या लेखांकात मसावि आणि लसावि. तोवर वर्गाला एवढे द्या : आठ एकांची राशी आणि बारा एकांची राशी, या दोहोंचा मसावि एकही भागाकार न करता काढा. नुसते एकांचे गट पाडायचे. उत्तर ११११ येते का ते बघा, आणि ८ व १२ यांच्या मसाविशी त्याचे काय नाते आहे ते मुलांकडून लिहून घ्या.