नारळ मिळाल्यावर हातात किती पडतं?

नोकरी गेल्यावर माणूस पहिला हिशेब करतो तो ईएमआयचा, दुसरा फुल अँड फायनलचा. दुसऱ्यात बहुतेकांची आकडेमोड चुकते, कारण हिंजवडीपासून चाकणपर्यंत एकच वाक्य कानावर पडत असतं: ‘नोकरी गेल्याची भरपाई पाच लाखांपर्यंत टॅक्स-फ्री असते.’ हे अर्धंच खरं आहे आणि म्हणूनच जास्त नडतं.

पाच लाख ही कमाल मर्यादा आहे. सूट मिळते ती तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेला: प्रत्यक्ष मिळालेली भरपाई, कामगार कायद्याच्या सूत्रानं निघणारी भरपाई आणि पाच लाख. सूत्र सोपं आहे. सलग नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. उरलेला काळ सहा महिन्यांहून जास्त असेल, तर तेही एक वर्ष धरतात.

समजा, एका तंत्रज्ञाची नोकरी 9 वर्षं 7 महिने झाली आहे आणि महिन्याचा सरासरी पगार 80,000 रुपये आहे. वर्षं धरायची दहा, 15 दिवसांचे 40,000, म्हणजे कायद्यानं भरपाई झाली चार लाख. कंपनीनं खूश होऊन किंवा वाद टाळायला सात लाख दिले. करमुक्त किती? पाच नव्हे, चार लाख. उरलेले तीन लाख पगारात मिसळले जातात आणि त्यांवर नेहमीच्या स्लॅबनं कर लागतो. हाच माणूस 14 वर्षं नोकरीत असता, तर सूत्रानं 5,60,000 झाले असते. मग मात्र पाच लाखांची मर्यादा आडवी आली असती.

जाता जाता, ही मर्यादा 1997 सालची आहे. ग्रॅच्युइटीची करमुक्त मर्यादा 2018 मध्ये दहा लाखांवरून वीस लाख झाली, खासगी नोकरदारांच्या शिल्लक रजेच्या पैशांची 2023 मध्ये तीन लाखांवरून पंचवीस लाख झाली. नोकरी गमावलेल्याचे पाच लाख मात्र जिथल्या तिथे राहिले. याचं समर्थन कसं करायचं, ते मला तरी सुचत नाही.

आता त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग. ही सूट कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला आणि त्याला कमी केलं गेलं असेल तरच मिळते. व्यवस्थापक त्या व्याख्येबाहेर राहतात. सॉफ्टवेअरवाल्यांचं काय? तिथे व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहतात. आणि खरी मेख इथेच आहे. एचआर खोलीत बोलावून समजावतं, ‘राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील, तीन महिन्यांचा पगारही देतो.’ माणूस घाईनं सही करतो. कागदोपत्री तो स्वतःहून गेलेला असतो. त्याला कुणी काढलेलंच नसतं, त्यामुळे कपातीच्या भरपाईची सूटही उरत नाही. ते तीन महिन्यांचे पैसे पगारासारखेच करपात्र ठरतात आणि कंपनी त्यांतून टीडीएस कापते.

‘मग व्हीआरएस म्हणून दाखवू’ असा सल्ला देणारेही भेटतात. व्हीआरएसलाही पाच लाखांची सूट आहे, पण ती आयुष्यात एकदाच, आणि योजना ठरलेल्या नियमांत बसली तरच. कर्मचाऱ्याची नोकरी दहा वर्षांची किंवा वय चाळीस पूर्ण हवं, रिकामी झालेली जागा भरायची नाही, वगैरे. एका माणसासाठी शुक्रवारी दुपारी टाइप केलेल्या पत्राला व्हीआरएस म्हणत नाहीत.

फुल अँड फायनलच्या कागदावर खाली एकच मोठी रक्कम दिसते. पेरोल मात्र एकेक ओळ वेगळी हाताळतं. नोटिशीच्या काळाऐवजी दिलेला पगार पूर्ण करपात्र असतो. त्याला भरपाई समजू नका. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजा यांना आपापल्या मर्यादा आहेत, म्हणून त्या वेगळ्या दाखवायला हव्यात. सगळं ‘एक्स-ग्रेशिया’ या एका नावाखाली कोंबलं, की सूट मागायला आधारच राहत नाही.

‘कंपनीनं टीडीएस कापला, विषय संपला’ हा आणखी एक समज. सध्याच्या नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्यावर येतो. मे महिन्यात नोकरी गेली आणि वर्षभर दुसरी मिळाली नाही, तर कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मिळू शकतो. उलट, ऑगस्टमध्ये नवी नोकरी लागली आणि आधीचं उत्पन्न नव्या कंपनीला सांगितलं नाही, तर तीही स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब पहिल्यापासून देते. दर महिन्याला हातात थोडं जास्त पडतं आणि जुलैत रिटर्न भरताना कर व्याजासकट भरावा लागतो.

‘पैसे यायला पंचेचाळीस दिवस लागतातच’ हेही आता कायद्याला धरून नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार कामावरून कमी केलेल्याचं किंवा राजीनामा दिलेल्याचं थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीसाठी तीस दिवसांची मुदत आहे.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे जुन्या क्रमांकांवर विसंबून राहू नका. राजीनाम्यावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: नोकरी नेमकी कशामुळे संपते आहे, आणि प्रत्येक रक्कम कोणत्या नावानं दिली जाते आहे. सही झाल्यावर या दोन्ही गोष्टी बदलून घेणं फार अवघड जातं.