नार्व्याच्या वाटेने जुन्या गोव्याला

माझा एक भाचा गेली काही वर्षे लिस्बनला असतो. नाताळच्या दिवसांत फोन आला की तो माझ्या आईला हमखास म्हणतो, ‘आजी, एकदा ये, तुला इथले जुने शहर दाखवतो.’ आई ब्याण्णव वर्षांची. गेल्या खेपेला तिने त्याला सांगितले, ‘गोंय आसा न्हय आमचें, लिस्बन कित्याक?’ गोवे ज्याने पाहिले त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी पोर्तुगिजांतही एक जुनी म्हण होती. आईला ती माहीत असण्याचे कारण नाही. फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘बाबा, म्हाका गोंयां व्हर. नार्व्याच्यान.’

आमच्या घरात ‘गोंय’ म्हणजे जुने गोवे. बाकी पणजी ती पणजी, म्हापसा तो म्हापसा.

२०२४ चा डिसेंबर होता. सेंट फ्रान्सिस झेवियरचे दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन चालू होते. मुळगावहून डिचोली, आमोण्याचा पूल आणि बाणस्तारीवरून गाडीने गेले तर तासाभराचे काम. मी तोच आग्रह धरला. नार्व्याहून जायचे तर दोनदा फेरीबोट, मध्ये दिवाड बेट, त्यात ह्या वयात तिची चढउतार. पण तिने ऐकले नाही. शेवटी नातवाने गाडी काढली, डिकीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि सकाळी सात वाजता आम्ही निघालो.

नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळाजवळून जाताना आईने नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला. हा देव मूळचा पलीकडच्या दिवाडचा. पोर्तुगिजांच्या अमलात तिथले देऊळ मोडले, तेव्हा लिंग नदी ओलांडून इकडे आले. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना म्हणायचो, आपल्या गावापासून दोन तिखांवर इतिहास नदी ओलांडून आला आणि तुम्ही पाठ करता पानिपत. मुले हसत. परीक्षेत मात्र पानिपतच येई.

फेरीवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. हिंदू घरातला, डिचोलीत दुकान आहे. तोही बायको-मुलांसह सायबाच्या दर्शनालाच चालला होता. त्याने आईची खुर्ची उचलून कठड्यापाशी सावलीत ठेवली. पायी जाणाऱ्याला ह्या फेरीला भाडे नाही, हे आईला दर वेळी नव्याने सांगावे लागते आणि दर वेळी तिला ते संशयास्पद वाटते.

दिवाड ओलांडून दुसऱ्या धक्क्यावर आलो. गाडी तिथेच ठेवली. पलीकडे माडांच्या वर कॅथेड्रलचा एकुलता एक बुरूज दिसत होता. दुसरा १७७६ मध्ये कोसळला तो पुन्हा बांधला नाही. मी नातवाला हे सांगत होतो, एवढ्यात आईने माझी बाही ओढली. ‘तुका एक सांगपाचें आसा,’ म्हणाली. आणि बोट पलीकडे जाईपर्यंत जे सांगितले त्यासाठीच तिने ही वाट धरली होती.

ते असे. १९५२ च्या डिसेंबरात, सायबाच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली म्हणून मोठे शवप्रदर्शन होते. मी दोन वर्षांचा, आठ दिवस तापाने फणफणलेला. वडील नोकरीला मुंबईत. आजीने नवस बोलला आणि आईच्या हातात दोन तांगे देऊन सांगितले, सायबाच्या पायांचा मुका घे आणि पोराच्या नावाने मेणबत्ती लाव. आई वाड्यावरच्या चार बायकांबरोबर रात्रीच निघाली. पायी नार्वे, होडी, पायी दिवाड, पुन्हा होडी. ह्याच वाटेने.

ही गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. आईने मुका घेतला, ती घरी पोचली तेव्हा माझा ताप उतरलेला होता. आजीने ‘कसे होते गे पाय?’ विचारले, तर आई म्हणाली, ‘थंड.’ आजी दर फेस्ताला ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायची. तिच्यानंतर मी सांगू लागलो. इगर्जीच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षे शिकवले, त्यांतला एक ३ डिसेंबर ह्या गोष्टीवाचून गेला नसेल. ‘थंड’ म्हणताना मी आवाज खाली आणायचो.

आईने मुका घेतलाच नव्हता.

रांग मैदानभर फिरली होती. चारपाच तास उभी राहून ती दाराजवळ आली, तेव्हा पुढे कुणाचे तरी मूल रडू लागले. ‘तुजोच ताळो,’ ती म्हणाली. तशीच मागे फिरली. बरोबरच्या बायका पुढे गेल्या होत्या, त्यांना कळले नाही. धक्क्यावर येऊन ती होडीच्या वाटेला बसून राहिली. मेणबत्ती कनवटीलाच राहिली. घरी आली तर मी उठून पेज खात होतो. आजीने विचारले, आणि तिच्या तोंडातून ‘थंड’ हा शब्द निघून गेला.

नंतरच्या शवप्रदर्शनांना ती गेली होती, एकदा आजीबरोबर, मग आम्हां मुलांबरोबर. पण तेव्हा सायब काचेआड. काचेचा मुका घेऊन जुने फिटत नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकलेले.

मला काय बोलावे सुचले नाही. बोट धक्क्याला लागली.

समोर व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू इथे व्हाइसरॉय होता, त्याच्या वेळची. नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन ह्याच कमानीतून शहरात शिरायचा. आम्हीही तसेच शिरलो, प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट. वाटेवर रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीचे सेंट कायतानचे चर्च, तिथेच आदिलशहाच्या वाड्याची उरलेली चौकट, पुढे कॅथेड्रलचे मैदान. ह्या मैदानाला लागून इन्क्विझिशनचा वाडा होता, १५६० पासून १८१२ पर्यंत ते न्यायासन चालले, मधली थोडी वर्षे सोडता. शाळेच्या सहलीत मी हेही सांगायचो. काही पालकांना ते रुचत नसे. मुलांना चर्चची उंची सांगायची आणि हे लपवायचे, ते माझ्याच्याने झाले नाही. आणि घरातली गोष्ट मात्र बत्तीस वर्षे न तपासता सांगत आलो.

आईने चौफेर पाहिले. ‘लोक खंय गेले?’ गर्दी तर अफाट होती, पण ती विचारत होती ते शहरातल्या माणसांबद्दल. मी सांगितले, विहिरींचे पाणी बिघडले, साथी आल्या, नदी गाळाने भरली. माणसे उठून गेली आणि १८४३ मध्ये राजधानी पणजी झाली. इथल्या पडक्या घरांचे दगडसुद्धा तिकडे बांधकामाला नेले. ‘इतलेंच उरलां?’ म्हणाली आणि पदराने चष्मा पुसला.

वृद्धांसाठी वेगळी वाट होती, स्वयंसेवकांनी चाकाची खुर्ची दिली. ती आढेवेढे न घेता बसली, ह्याचेच मला नवल. कॅथेड्रलच्या आत शवपेटीसमोर फार थांबू देत नाहीत, देणे शक्यही नाही. तिने काचेला ओठ लावले नाहीत, हातही लावला नाही. खुर्चीतून थोडी पुढे वाकली आणि घरात बोलतो तेवढ्या आवाजात म्हणाली, ‘फट मारली हांवें, सायबा. भोगस म्हाका.’ शेजारची स्वयंसेवक मुलगी गालात हसली, मग माझ्याकडे पाहून गप्प झाली. ढकललीच नाही तिने खुर्ची, क्षणभर.

बाहेर मेणबत्ती घेतली. माझ्या नावाने लावू, मी म्हटले. ती म्हणाली, तू बरा आहेस, आजीच्या नावाने लाव. मग फेरीतून खाजे घेतले. दात नाहीत, तरी घेतले.

परतताना नार्व्याच्या फेरीत ती खाजे चघळत बसली होती. मध्येच म्हणाली, ‘पेपरार घाल हें.’ मी म्हटले, असे घरातले कुणी छापते का? आणि लोक काय म्हणतील? ‘तुवें इतल्या भुरग्यांक सांगलां,’ ती म्हणाली. ‘तीं पेपर वाचतात.’

तेव्हा मुळगाव, अस्नोडा, डिचोली इथल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतले काही आता आजोबा-आजी झाले असतील. ३ डिसेंबरची गोष्ट तुमच्या मुलांना सांगितली असेल, तर मुळगावच्या त्या बाईने पायांचा मुका घेतला नव्हता. ती रांग सोडून घरी आली होती. ताप मात्र उतरला होता, ते खरे आहे.