पॅकेट पकडणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेटवर्किंग शिकू लागले की नेटवर्कवरची पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पकडणारी लिबपीकॅप समोर येते. टीसीपीडम्प आणि वायरशार्क ज्या लायब्ररीवर उभे आहेत, ती हीच. ती खुली आहे, फुकट आहे. पण तिच्याविषयी गैरसमज फार.

गैरसमज : एकाच वाय-फायवर असलो की शेजाऱ्याचे सगळे दिसते.
वस्तुस्थिती : आपल्या नेटवर्क कार्डापर्यंत येते तेवढेच प्रोग्रामला मिळते. स्विच दुसऱ्याचे पॅकेट सहसा आपल्या तारेवर सोडतच नाही. वाय-फायवर इतरांचे पॅकेट पकडायला मॉनिटर मोड लागतो. तिथेही मजकूर सहसा एन्क्रिप्ट केलेला असतो.

गैरसमज : पॅकेट हाती आले की पासवर्ड हाती आला.
वस्तुस्थिती : एचटीटीपीएसमध्ये मजकूर वाचता येत नाही. मात्र आयपी पत्ता, पोर्ट, आकार, वेळ आणि बहुतेकदा साइटचे नावही उघडे राहते. बँकेचा पासवर्ड झाकलेला असतो, पण कोणत्या बँकेची साइट उघडली हे कळू शकते.

गैरसमज : सगळी पॅकेट घ्यायची आणि नको ती आपल्या कोडने टाकायची.
वस्तुस्थिती : मॅकॅन आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये मांडलेला बीपीएफ फिल्टर ही छाननी ऑपरेटिंग सिस्टमच्या कर्नलमध्येच करतो. ‘यूडीपी पोर्ट ५३’ एवढा फिल्टर लावला, की नेहमीची डीएनएस पॅकेटच प्रोग्रामपर्यंत येतात.

गैरसमज : आयपी हेडर नेहमी २० बाइटचे.
वस्तुस्थिती : इथरनेटचे पहिले १४ बाइट ओलांडले की आयपीव्ही४ हेडर सुरू होते. त्याच्या पहिल्या बाइटचा शेवटचा अंक पाहा: हेक्समध्ये ४५ असेल तर ५ गुणिले ४, म्हणजे २० बाइट, ४६ असेल तर २४. लांबी ६० पर्यंत जाऊ शकते. कोडात २० पक्के लिहिले, तर लांब हेडरच्या पॅकेटचा पोर्ट चुकीचा वाचला जातो.

गैरसमज : शिकण्यासाठी कुठलेही नेटवर्क चालते.
वस्तुस्थिती : माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणे किंवा त्यातली माहिती उतरवून घेणे भरपाईला पात्र ठरते, हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरचा राउटर आणि स्वतःचा लॅपटॉप शिकायला पुरतात. पकडलेल्या पॅकेटची फाइल मित्राला पाठवण्याआधी तीत घरातल्या कुणाची माहिती आली आहे का, तेही तपासा.